हिरव्या पट्ट्याच्या गाडीची धुलाई

बायको गेल्यावर तिच्या वस्तूंना मी हात लावला नव्हता. लावला तो एकदाच, आणि तोही साबणाचा.

माझं लाँड्रीचं दुकान आहे. ड्रायक्लीनिंग, इस्त्री, डाग काढणे. बायको काउंटर सांभाळायची आणि तुटलेली बटणं लावायची. दुकानामागच्या खोलीत तिच्या गाड्या होत्या. खेळण्यातल्या गाड्या म्हटलं की तिला राग यायचा. "मॉडेल म्हणा," म्हणायची. जपानमध्ये लोक रोज ज्या गाड्यांनी कामावर जातात, हुबेहूब त्या, पण एकेक डबा हातावर मावेल एवढा. मी एकदा विचारलं, "अगं, घ्यायचीच तर ती बुलेट गाडी का घेत नाहीस? चोच असलेली?" तर म्हणाली, "तिच्यात बघायचं काय? दिसायच्या आत गेलेली असते. ही बिचारी प्रत्येक स्टेशनावर थांबते."

शिवाय ही स्वस्त पडायची. नवी गाडी तिने कधी घेतली नाही. कुणाला तरी नकोसा झालेला, कोपरा तडकलेला, चाकं हरवलेला एखादा डबा हुडकून काढायची आणि दुरुस्त करायची. असे एकेक जमवून सहा डबे झाले, तेव्हा कुठे चंदेरी रंगाची, हिरव्या पट्ट्याची गाडी पूर्ण झाली. पैसे पडद्यांतून यायचे. घरात पडद्याचा विषय निघाला की "हा अजून वर्षभर चालेल" म्हणायची, आणि पुढच्याच महिन्यात पार्सल यायचं. बैठकीच्या खोलीचा पडदा शेवटी इतका विरला की समोरच्या घरवाल्यांनी लाजून स्वतःच्या खिडकीला जाड पडदा लावून घेतला. स्टेशन बनवलं ते शर्टाच्या घडीत घालतात त्या पुठ्ठ्यांचं. त्या वर्षी आमच्या गिऱ्हाइकांचे शर्ट जरा माना टाकूनच घरी गेले.

ती गेल्यावर खोलीचं दार मी लावून घेतलं. मग एके दिवशी तिच्या मॉडेल गाड्यांच्या क्लबातल्या डॉक्टरांचा फोन आला. हे दातांचे डॉक्टर. आता दवाखाना बंद केलाय, पण बोलताना अजून समोरच्याच्या तोंडात बघतात. म्हणाले, "भाऊ, रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये आपलं प्रदर्शन आहे. वहिनींची हिरवी गाडी हवीच. आणाल ना? काही करू नका हं तिला. आहे तशीच आणा."

आहे तशीच आणा. आता असं सगळेच म्हणतात. 'काही करू नका, नुसतं या' म्हणणाऱ्याकडे आपण मळक्या सदऱ्यात जातो का?

मी खोली उघडली आणि गाडी टेबलावर घेतली. बघतो तर काय, टपं काळी, खिडक्यांखाली ओघळ, चाकांजवळ तपकिरी थर. म्हटलं, हिला शेवटी शेवटी ब्रशही उचलवत नव्हता, आणि आपल्याला कळलं नाही. आता चार लोक बघणार आणि म्हणणार, बाई गेली तशी घराची रया गेली. तेही लाँड्रीवाल्याच्या घराची!

कामाला लागलो. कपड्याच्या आतल्या शिवणीवर आधी थेंब टाकून बघतात, तसा डब्याच्या पोटाखाली टाकून बघितला. रंग सुटला नाही, मळ सुटला. मग मऊ टूथब्रश, कोमट पाणी, साबण आणि हट्टी जागी डाग काढायचं माझं औषध. एकेक डबा असा निघाला की कारखान्यातून आत्ताच आला म्हणावं. मधल्या एका डब्यात मात्र मोटर होती. जपानी गाडीला पुढे इंजिन नसतं, ओढणारी मोटर मधल्याच एखाद्या डब्यात दडलेली असते. तो डबा मी पाण्याला लावला नाही. शंका आली की कपडा बाजूला ठेवायचा, हा आमच्या धंद्याचा नियम.

पाच डबे टॉवेलवर वाळत ठेवले आणि जरा बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी तिच्यासाठी काहीतरी केलं होतं.

दुपारी लेक आली. दारातच थांबली.

"बाबा, हे काय आहे?"

"आईची गाडी. मस्त निघाली की नाही?"

"बाबा, तुम्ही ती धुतलीत?"

"पाचच. एकाला मोटर आहे, तो तू पुसून दे जरा कोरड्या फडक्याने."

लेक खुर्चीत बसली. आधी मला वाटलं रडतेय, मग वाटलं हसतेय. दोन्ही चाललं होतं. "बाबा, तो मळ आईने लावला होता!"

"लावला होता म्हणजे?"

"म्हणजे रंगवला होता! खडू किसून, पेन्सिलीची पूड करून, बारीक ब्रशने. खरी गाडी वापरून वापरून कशी दिसते, तशी. कितीतरी महिने लागले तिला. तुम्हाला काय वाटलं, ती आत बसून काय करायची?"

"गाड्या चालवायची."

"बाबा, त्या मळाला क्लबाचं बक्षीस आहे! कपाटात ढाल आहे बघा."

ढाल मला माहीत होती. तीही मी सकाळीच चकाचक केली होती. तिच्यावर नुसतं 'उत्कृष्ट काम' लिहिलं होतं. मला आपलं वाटलं होतं, गाडी वेळेवर आल्याबद्दल असेल.

जन्मभर मी लोकांचे डाग काढले, आणि काढायचे नव्हते तेवढेच नेमके घरचे निघाले. तिच्या हातचं असं जगात आणखी काय होतं? बटणं. ती गिऱ्हाइकांच्या अंगावर गावभर फिरतायत. आणि हा मळ. तो मोरीतून गेला.

"परत लावू," मी म्हटलं.

"तुम्ही?"

"मळ मला कळतो गं."

मळ मला कळतो, पण काढताना. खडू किसला, पेन्सिल घासली, जीभ बाहेर काढून एक डबा रंगवला. लेकीने चष्मा वर करून बघितला.

"कसा वाटतो?"

"रडून काजळ पसरल्यासारखा."

पुसला. दुसऱ्यांदा हात हलका ठेवला, तर सगळीकडे सारखा राखाडी झाला, जसा काही डब्याने स्वेटर घातलाय. लेक म्हणाली, "बाबा, राहू दे. तुमचा मळसुद्धा इस्त्री केलेला दिसतो." शेवटी पाचही डबे पुन्हा स्वच्छ केले. ते काम मला येतं.

रविवारी आम्ही दोघं गाडी घेऊन हॉलमध्ये गेलो. टेबलं जोडून मोठा गोल रूळमार्ग मांडला होता. मी खोका उघडला. डॉक्टरांनी जन्मभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावलं, आता स्वतःचं उघडलं ते मिटेना.

"भाऊ... वहिनींचा मळ?"

"निघाला," मी म्हटलं.

शेजारी क्लबातला आणखी एक गृहस्थ होता. त्याला सगळे बोगदा म्हणतात, कारण त्याला उसनी दिलेली वस्तू आत जाते आणि बाहेर येत नाही. त्याने एक डबा उचलून उजेडात धरला. "काय सफाई आहे! काय वापरलंत हो?"

"अरे, तू गप बस," डॉक्टर म्हणाले. मग जरा सावरले. "हे बघा भाऊ, झालं ते झालं. पण अशी गाडी मुख्य मार्गावर नाही सोडता येणार. पाच कोरे आणि मधेच एक कळकट! लोक हसतील. एक करू. तोही डबा पुसून घेऊ, म्हणजे सहाही सारखे होतील. नवी कोरी गाडी म्हणून धावेल."

"तो पुसायचा नाही," मी म्हटलं.

"बरं, मग तो काचेच्या पेटीत ठेवू. वहिनींचं नाव लिहून, छान मानाने. आणि बाकीच्या पाचांना याचा मोटरचा डबा जोडू."

"देतो की," बोगदा म्हणाला. "पेटीतला डबा नंतर मी घरी नेऊन नीट सांभाळीन."

"त्याला काही देऊ नका, बाबा," लेक माझ्या कानात म्हणाली.

डॉक्टर वाईट नव्हते सांगत. काचेत डबा जपला गेला असता, कुणाचा हात लागला नसता. निदान माझा तरी नसता लागला. मी तो डबा हातात घेतला. खरं सांगायचं तर नीट बघितला तो तेव्हाच. मळ सगळीकडे सारखा नव्हता. दारांच्या खाली, जिथे माणसं पाय टेकून चढतात, तिथे जास्त होता. एका खिडकीखाली कुणीतरी बाहेर हात काढून पुसल्यासारखा पुसट होता. ही बाई त्या देशात कधी गेली नाही, पण त्या दारातून कितीजण रोज चढतात ते तिला माहीत होतं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "काचेत नुसती थांबून राहणारी गाडी तिला नको होती. ओढायचं काम या डब्याचं आहे, तोच ओढेल. तुम्हाला पाच कोरे डबे चालत नसतील तर सहाही घरी नेतो."

"अहो, पण लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते मला म्हणतील. मी इथेच उभा राहतो."

डॉक्टरांनी लेकीकडे बघितलं. लेकीने दोन्ही हात कमरेवर ठेवले होते. हे तिने आईकडून घेतलंय, आणि त्यापुढे माझंही कधी काही चाललेलं नाही. डॉक्टरांनी मार्ग मोकळा करून दिला.

दारं उघडली, लोक आले. गाडी निघाली. चकचकीत, चकचकीत, मधेच एक कळकट, पुन्हा चकचकीत. लोक हसले, अगदी मोठ्याने हसले. डॉक्टर दुसऱ्या टोकाला जाऊन सिग्नल दुरुस्त करायला लागले. सिग्नल बिघडलेला नव्हता.

एक जाडजूड बाई पुढे वाकल्या. "अहो, तो मधला एक धुवायचा राहिला का?"

"नाही हो," मी म्हटलं. "बाकीचे चुकून धुतले गेले."

बाई हसायच्या थांबल्या. "म्हणजे?"

मी गाडी स्टेशनावर थांबवली आणि त्यांना सांगायला लागलो. दाराखाली बघा म्हटलं, इथे पाय लागतात. टपावर बघा, वरच्या तारेची काजळी. ही खिडकी बघा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांच्या मागचा माणूस वाकला, त्याच्या मागची दोघं वाकली. "कुणी केलं हो हे?" एकाने विचारलं. "माझ्या बायकोने," मी म्हटलं. आणि ती कशी करायची हे मला लेकीने सांगितलं होतं तेवढं सांगितलं, खडू, पेन्सिल, ब्रश, आणि जे माहीत नव्हतं तेही थोडंसं सांगितलं.

गर्दी हलेना. पलीकडून डॉक्टर ओरडले, "भाऊ, गाडी सोडा! मागे सगळ्या गाड्या अडकल्यात!"

"एक मिनिट," मी म्हटलं, "या बाईंचं अजून बघून झालेलं नाही."