बिनदुधाची कॉफी

रोवेनाने गाडीचं दार उघडलं, आधी काठी बाहेर टेकवली आणि मग दोन्ही हातांनी उजवा गुडघा उचलून पाय जमिनीवर सोडला. गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला होता. काखेत दुधाची बाटली होती, पहाटे काढून बर्फाच्या पाण्यात गार केलेलं शेळीचं दूध. बाकी काही विसरेल, पण ग्वेनकडे येताना दूध विसरली असं वीस वर्षांत झालं नव्हतं.

"आली गं बाई आमची लंगडी घोडी!" कोठाराच्या दारातून एल्डन ओरडला. "थांब, धरतो तुला."

"तुला कोण धरणार ते आधी बघ म्हाताऱ्या," रोवेना म्हणाली, पण बाटली तिने त्याच्या हातात दिली. एल्डनने सत्तरी ओलांडली होती. मधमाश्या पाळायचा आणि दिवसभर तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा.

"आज आत कोठारात कशाला? बाहेर हिरवळीवर काय झालं?"

"बाईसाहेबांना ऊन सोसत नाही म्हणे."

रोवेना थांबली. ग्वेन आणि ऊन? शाळेत असल्यापासून ही बाई जूनमध्ये जी बाह्या गुंडाळायची ती पानं गळेपर्यंत. आत येऊन पाहते तर ग्वेनने मेलेल्या नवऱ्याचा लांब बाह्यांचा सदरा घातलेला, मनगटापर्यंत बटणं लावलेली, आणि डोक्यावर गवती टोपी. कोठारात टोपी! बाकीचे सहाजण घामाने निथळत होते.

गोचीड चावलेले हे सगळे दर शनिवारी सकाळी ग्वेनच्या या कोठारात जमत. या डोंगरातल्या गावात हरणं परसापर्यंत येतात आणि हरणांबरोबर गोचिडी. पँट मोज्यात खोचल्याशिवाय कुणी गवतात पाय ठेवत नाही, तरी दर उन्हाळ्यात कुणा ना कुणाला चावतेच, आणि तिच्यातून अंगात शिरलेला रोग वेळीच मारला नाही तर सांध्यांत उतरतो. चावली की लोक आधी ग्वेनकडे यायचे आणि मग वाटलंच तर डॉक्टरकडे. ओढ्याकाठी माजलेल्या त्या बांबूसारख्या झाडाचं मूळ खणून ती अर्क काढायची. तपकिरी बाटल्या, सकाळ-संध्याकाळ तीस थेंब, जोडीला व्हिटॅमिनच्या गोळ्या, मॅग्नेशियम आणि भरपूर धीर. धीर द्यावा तर ग्वेननेच.

गोचीड चावल्यावर उठतो तो लाल गोल रोवेनाच्या मांडीवर उठला गेल्या वर्षी जूनमध्ये. तिने पहिला फोन ग्वेनला केला होता. ग्वेनने तिला बोलावून घेतलं, चष्मा लावून गोल नीट पाहिला आणि म्हणाली, "त्या डॉक्टरी गोळ्या घेशील तर पोटाचं वाटोळं करून घेशील. मला सहा आठवडे दे."

सहा आठवड्यांचे तेरा महिने झाले. सांधे धरले तेव्हा ग्वेन म्हणाली, रोग बाहेर पडतोय. गुडघा सुजला तेव्हा म्हणाली, आता तर खरा गुण येतोय. रोवेनाने मान डोलावली. का नाही डोलावणार? नवरा गेला तेव्हा हीच ग्वेन पंधरा दिवस पहाटे येऊन तिच्या शेळ्या पिळून जायची, एका शब्दाने न बोलता. अशा माणसावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर? पण आता रोवेनाची बोटं सकाळी मिटत नव्हती. अकरा शेळ्या पिळायला दोन तास लागायचे. सोमवारी एक माणूस त्या विकत घ्यायच्या म्हणून बघायला येणार होता. शेळ्या गेल्या की तिच्याकडे सकाळी उठण्यासारखं काही उरणार नव्हतं.

एल्डनने कॉफी ओतली. रोवेनाने सवयीने बाटली उघडली आणि ग्वेनच्या कपावर वाकवली. ग्वेनने कपावर हात धरला.

"नको. काळीच घेते."

"मागच्या शनिवारीही काळीच घेतलीस."

"उन्हाळा आहे गं. दूध जड पडतं."

"तुला? शेळीचं?"

"घ्या!" एल्डन खदखदून हसला. "मला गोचीड चावली तेव्हा डॉक्टरणीने दूध बंद केलं होतं, तर या रोवेनाने तीन आठवडे माझ्याशी अबोला धरला होता. मी म्हटलं, बये, त्या गोळीच्या आसपास दूध-चीज घेतलं तर गोळी वाया जाते, मी काय करू? आणि वर उन्हात जायचं नाही. मी ऐकतोय थोडाच! नाकाचा टोमॅटो झाला होता."

सगळे हसले. ग्वेनही हसली, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

रोवेनाने बाटलीचं झाकण लावलं. ते नीट बसत नव्हतं, तिने दोनदा फिरवलं. टोपी, बाह्या, काळी कॉफी. एल्डन आपल्या नाकाचं पुराण सांगतच होता आणि तिला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

कोपऱ्यात एक नवी पोरगी बसली होती. डेलिया, शाळेत शिकवायला नुकतीच लागलेली. तिने पोटरीवरचा गोल दाखवला. चार दिवसांचा होता, कडेला लाल आणि मध्ये फिका.

"घाबरू नकोस," ग्वेन तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. "मला सहा आठवडे दे. थांब, तुझी बाटली भरून आणते."

ती घरात गेली. रोवेना काठी टेकत तिच्यामागे निघाली. तीन पायऱ्या चढायला तिला इतका वेळ लागला की ती स्वयंपाकघरात पोचली तेव्हा बाटली भरून झाली होती आणि ग्वेन तिच्यावर नावाची चिठ्ठी चिकटवत होती.

"कितवा दिवस?" रोवेनाने विचारलं.

"कसला?"

"एल्डनला एकवीस दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. तुझा कितवा चाललाय?"

ग्वेन चिठ्ठीवरून अंगठा फिरवत राहिली. चिठ्ठी केव्हाच चिकटली होती.

"नववा."

रोवेनाला वाटलं होतं ती नाही म्हणेल. नाही म्हणाली असती तर तिने ऐकलंही असतं, इतका विश्वास अजून शिल्लक होता.

"कुठे चावली?"

"कमरेवर. गेल्या आठवड्यात गुरुवारी दिसलं. शुक्रवारी सकाळी गेले. इथे नाही, पलीकडच्या गावात."

"म्हणजे एक रात्र थांबलीस."

"मी घाबरले गं, रो."

"माझ्या वेळी नाही घाबरलीस ती?" रोवेनाचा आवाज चढला. "माझा गोल तू पाहिला होतास. इथे, याच खुर्चीत बसवून, चष्मा लावून!"

"तेव्हा मला खरंच वाटत होतं की हे लागू पडतं. देवाशप्पथ सांगते. मी तुला फसवलं नाही."

"मग आता काय झालं?"

ग्वेनने टोपी काढली. केस घामाने कपाळाला चिकटले होते. तिने रोवेनाच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

"मग तुझं पाहिलं ना वर्षभर," ती म्हणाली.

रोवेनाने टेबलाची कड धरली. दर शनिवारी ग्वेन तिचा गुडघा बोटांनी चाचपायची. उतरतंय हं, म्हणायची. त्या बोटांना कळत होतं तर. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे, आणि कापणारीने पंधरा दिवस आपल्या शेळ्या पिळलेल्या असाव्यात! तिला रडू येत होतं आणि रडू येतंय याचाच भयंकर राग येत होता.

"नऊ दिवस झाले, ग्वेन. फोन आहे ना तुझ्या घरात?"

"तुला सांगितलं असतं तर सगळ्यांना सांगावं लागलं असतं. बावीस वर्षं हे करतेय मी. लोक माझ्या तोंडाकडे बघतात." तिने रोवेनाच्या दंडाला हात लावला. "सोमवारी मी स्वतः नेते तुला. अजून वेळ गेलेली नाही, त्या गोळ्या गुडघ्यालाही लागू पडतात म्हणाले डॉक्टर. फक्त बाहेर काही बोलू नकोस."

"विचारलंस त्यांना? माझ्या गुडघ्याचं?"

ग्वेनने टेबलावरची बाटली उचलली.

"आणि ही?" रोवेनाने बाटलीवरच्या नावाकडे बोट दाखवलं. "तिला काय सांगणार?"

"ती तरुण आहे," ग्वेन टोपी पुन्हा डोक्यावर चढवत म्हणाली. "बघू की सहा आठवडे."

त्या दोघी परत आल्या. ग्वेन पुढे, रोवेना मागून, प्रत्येक पायरीला थांबत. ग्वेनने बाटली डेलियाच्या हातात दिली आणि आपल्या जागेवर बसून काळी कॉफी उचलली.

"चल रोवेना, तुझी पाळी," एल्डन म्हणाला. "वर्ष काढलंयस तू. नव्या पोरीला जरा धीर दे."

रोवेना बसली नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

"एल्डन, सोमवारी माझ्याकडे तो शेळ्यावाला येणार आहे. तुझ्या ओळखीचा ना? त्याला निरोप दे. म्हणावं, इतक्यात येऊ नकोस."

"का गं? मग कधी येऊ दे?"

"नक्की नाही. एकवीस दिवस तरी थांब म्हणावं."

ग्वेनचा कप ओठांपाशी होता, तिथेच राहिला. एल्डन हसायला तोंड उघडून थांबला. त्याने रोवेनाकडे पाहिलं, मग ग्वेनच्या टोपीकडे, बटणं लावलेल्या बाह्यांकडे, कपाकडे. 

"तुझ्या त्या डॉक्टरणीचं नाव काय?" रोवेनाने विचारलं. "आणि नंबर पाठ असेल तर तोही सांग."

"शनिवारी बारापर्यंत असते ती," एल्डन हळूच म्हणाला. मग त्याने नाव सांगितलं आणि नंबर सांगितला, एकेक आकडा सुटा करून.

डेलियाने पर्समधून पेन काढलं. कागद सापडेना. तेव्हा तिने बाटली आडवी धरली आणि नंबर चिठ्ठीवरच लिहून घेतला, स्वतःच्या नावाखाली.