सायकलीवर माप घेतलेली विजार

मी एक जुनी खाकी विजार आहे, मित्रांनो. मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. पण त्या दिवसाची आठवण आली की अजून माझ्या शिवणी शहारतात!

जानेफळच्या शाळेतल्या नीळकंठ मास्तरांसाठी मी जन्मले. बुलढाण्याच्या हायस्कुलात जागा मिळावी, ही त्यांची फार इच्छा. आदल्या वर्षी ते धोतर नेसून सायकलीने मुलाखतीला निघाले. चिखलीपुढच्या वळणावर साखळीने धोतर गिळले. फाटक्या, तेलकट धोतराने आत कसे जायचे? शाळेच्या फाटकावरूनच परतले. मी जन्मले त्या वर्षी पुन्हा बोलावणे आले होते. पुढल्या वर्षी वयाची अट आड येणार होती.

इंद्रभान शिंप्याने मास्तरांना ताठ उभे करून माप घेतले. सगळ्यांचे तसेच घेतात. मी मोठी ऐटदार झाले! मास्तरांच्या पत्नी कोकिळाबाईंनी माझ्या काठाला हळदीचे बोट लावले. पण मास्तर सायकलीवर बसले मात्र, मी गुडघ्यांवर आवळले, पोटऱ्यांवर चढले आणि पहिल्याच पायडलला मागून टर्रकन फाटले.

"मास्तर, हवा कायची निंगाली हो? चाकाची का इजारीची?" शेजारच्या झुंबरबाई ओट्यावरून हसल्या.

"जाऊ द्या," मास्तर पुटपुटले, "माझ्या नशिबी बुलढाणं नाही."

कोकिळाबाई पुढे आल्या. "अहो, बुलढाण्याला काय उभ्यानं जाणार आहात? सायकलवर बसून माप द्या!"

"बापा! असं माप तं म्या जिंदगीत घेतलं नाही," म्हणत मला पोचवायला आलेला इंद्रभान फीत घेऊन धावला. झुंबरबाईंनी हँडल धरले. "हालू नका, मास्तर!" म्हणत इंद्रभानने वाकलेल्या गुडघ्याचे माप घेतले, मला उसवले, आत दुमडलेले कापड सोडून मला सैल केले, बैठकीला मऊ अस्तर दिले, बोचणारी शिवण बाजूला सारली आणि घोट्याशी बटणे लावली.

मग काय, मित्रांनो! पहाटे निघालो. मेहकर मागे पडले, चिखली आली. साखळी दर फेऱ्याला तोंड वासून माझ्याकडे येई आणि उपाशीच परत जाई! ते वळण आले. मास्तरांनी श्वास रोखला. मी घोट्याला घट्ट बिलगले. वळण सरले, आणि मास्तर भर रस्त्यात एकटेच मोठ्याने हसले.

बुलढाण्याच्या हेडमास्तरांनी आधी माझ्याकडेच पाहिले. "जानेफळहून सायकलीनं? आणि डाग कसा नाही?"

"बसून माप दिलंय, साहेब," मास्तर म्हणाले. मग एरवी लाजणारे ते किती वेळ बोलत राहिले! जागा त्यांना मिळाली.

पुढे वर्षानुवर्षे मी राबले. आता विटले आहे, पेटीच्या तळाशी असते. मित्रांनो, कपडा निवडताना त्याला आधी तुमचे काम सांगा, मग ऐट मागा. आणि दमून आलेला कपडा ओला, मळका पेटीत कोंबू नका.

काल मास्तरांची मुलगी शरयू सायकलीसाठी सलवार शिवायला निघाली, तेव्हा तिने नमुना म्हणून मला सोबत नेले. इथला, बुलढाण्याचा शिंपी म्हणाला, "ताई, ताठ उभ्या राहा."

शरयूने दारातली सायकल आत ओढली आणि टुणकन तिच्यावर बसली.

"काका, मी काय उभ्यानं जाणार आहे?"