पोटावर ‘फ’ असलेला किडा

फक्रुद्दीन मिस्त्रींनी उद्यमनगरात बेचाळीस वर्षं पॅटर्न केले. पॅटर्न म्हणजे काय ते आधी सांगायला पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ तिथनंच सुरू होतो. फाउंड्रीत पंप ओतायचा असला की आधी तो हुबेहूब लाकडात घडवतात, त्याचा ठसा वाळूत घेतात आणि त्या पोकळीत लोखंडाचा रस ओततात. तो लाकडी पंप घडवणारा पॅटर्नवाला. लोखंड निवताना आटतं, म्हणून पॅटर्न मापापेक्षा अंमळ मोठाच करायचा, हे मिस्त्रींच्या हाडात मुरलेलं. आणि प्रत्येक पॅटर्नवर कंपनीचं नाव कोरायचं, हेही. बेचाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची नावं कोरली आणि स्वतःचं नाव फक्त हजेरीपुस्तकात लिहिलं. त्यांच्या हातच्या मापाचे पंप कुठं कुठं पाणी उपसत असतील, पण ‘हे फक्रुद्दीननं केलंय’ असं आजवर एकाही माणसानं म्हटलेलं नव्हतं. घरी बसल्यावर ही गोष्ट त्यांना दातात अडकलेल्या सुपारीसारखी सलायला लागली.

अशात एक दिवस मोबाईलवर त्यांनी एक गोरा माणूस बघितला. तव्यावर मावतील असले बारके मासे धरायला तो मऊ प्लॅस्टिकचे किडे ओतत होता. मिस्त्रींनी तो व्हिडिओ अकरा वेळा बघितला आणि म्हणाले, “ह्याच्या साच्याला फिनिशिंगच न्हाय.”

झालं. दुसऱ्याच दिवशी सागवानाचा तुकडा घेऊन ते बसले. नाकतोड्याच्या तंगड्या, रातकिड्याचं डोकं आणि पावसाळ्यात दिव्यावर येणाऱ्या वाळवीचे पंख असा एकच किडा त्यांनी घडवला, कारण कुठल्या माशाला काय आवडेल याचा भरवसा नाही. आटेल म्हणून तो मापापेक्षा मोठा केला. साच्यातनं सोडवताना एकदोन पाय मोडतातच, म्हणून सहाच्या जागी आठ पाय केले. आणि पोटावर, अगदी मधोमध, भिंगातनं बघून एक बारका ‘फ’ कोरला.

मऊ प्लॅस्टिक आटत नाही आणि त्याचे पायही मोडत नाहीत. हे कळेपर्यंत मिस्त्री त्या किड्याच्या प्रेमात पडले होते. त्यामुळं जो किडा निघाला तो अंगठ्याएवढा, आठ पायांचा आणि अल्लानं कधी न केलेला असा होता.

किडे ओतायचं ते प्लॅस्टिक मुंबईहून बाटलीतनं यायचं. दिसायला दूध. तापवलं की आधी दह्यासारखं घट्ट व्हायचं, आणखी तापवलं की पातळ तेल. मग त्यात रंग टाकून साच्यात ओतायचं. मिस्त्रींनी हे पहिल्यांदा घरातल्या दुधाच्या पातेल्यात केलं. त्यांच्या बायकोनं, शहाजादीनं, ते पातेलं आणि नवरा दोन्ही उचलून म्हशीच्या गोठ्यात नेऊन ठेवले.

“एक मासा,” ती म्हणाली. “एकच मासा त्या किड्यावर धरून आणा. अख्ख्या गल्लीला दारोदार सांगीन, माझ्या नवऱ्यानं केलाय म्हणून. तोवर माझ्या चुलीजवळ यायचं न्हाय.”

आता प्रश्न फक्त माशाचा होता.

दर रविवारी मिस्त्री गळाची काठी घेऊन गावच्या खणीवर जायचे. दगड काढून काढून झालेला तो खड्डा पाण्यानं भरलेला आणि चिलापी माशांनी गच्च. शेजारी कृष्णात बसायचा. कृष्णात गांडूळ लावायचा आणि तासाभरात पिशवी भरायचा. मिस्त्रींच्या किड्यापाशी मासे यायचे, वास घ्यायचे आणि सभ्यपणानं वळून जायचे. हे एक रविवार नाही, दोन नाही, चार वर्षं चाललं. “मिस्त्री,” कृष्णात म्हणायचा, “तुमच्या किड्याला मासं आता नावानिशी वळखाय लागल्यात.”

सोमवारी सकाळी शहाजादी गोठा झाडायची आणि शेणाबरोबर त्या आठवड्याचे सगळे किडे उकिरड्यावर भिरकावून द्यायची. मिस्त्री नवे ओतायला बसायचे.

यंदा गावातल्याच सयाजीनं तो उकिरडा तळापासून उपसून नेला. पाच ट्रॉल्या खत, चांगलं कुजलेलं, काळंभोर. त्यानं ते उसाच्या सऱ्यांत पसरलं, पाणी सोडलं, आणि आठव्या दिवशी सकाळी शेतात गेला तर सरीसरीत किडे.

सयाजीनं फवारणी केली. किडे होते तिथंच. त्यानं औषध दुप्पट केलं. एकाचाही पाय हलला नाही. सयाजीचा चुलता म्हणाला, मेलं असतील. त्यावर सयाजीनं जे उत्तर दिलं ते तालुकाभर गाजलं: “मेलं असतं तर मुंगी लागली असती. एकाला तरी मुंगी लागलीया का? म्हंजे जित्तं हाईत. दम धरून बसल्यात.”

दुपारी एका औषध कंपनीच्या पीक सल्लागार वर्षाराणी मॅडम आल्या. शेतीशास्त्राच्या पदवीधर, डोक्याला टोपी, हातात चिमटा. त्यांनी एक किडा उचलला, पाय मोजले, पुन्हा मोजले आणि बांधावर बसल्या.

“आठ पाय म्हणजे हा कोळ्याच्या वर्गातला,” त्या म्हणाल्या. “पण कोळ्याला पंख नसतात.”

“ह्याला हाईत की,” सयाजी अभिमानानं म्हणाला.

मॅडमनी एक किडा ब्लेडनं चिरला. आत मऊ, लिबलिबीत, सगळीकडं सारखंच. “सुप्तावस्था,” त्यांनी वहीत लिहिलं. एक जाळून बघितला. काळा धूर आणि घाण वास. “अंगात विष साठवतो.” मग भिंग लावून एकेकाचं पोट बघितलं. “प्रत्येकाच्या पोटावर सारखी खूण आहे. आपल्या ‘फ’सारखी दिसते. ही याची ओळखीची खूण.”

“नवीन किडा सापडला की त्येला नाव कुनाचं देत्यात?” सयाजीनं विचारलं.

“कधी कधी शोधणाऱ्याचं.”

सयाजीनं तिथल्या तिथं केस विंचरले.

ही बातमी मिस्त्रींना न्हाव्याच्या दुकानात कळली. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालाला साबण. पोटावर ‘फ’ एवढं ऐकलं आणि ते तसेच उठले. शेताच्या बांधावर पन्नासेक माणसं जमली होती आणि सगळी वाकून त्यांच्या किड्याकडं बघत होती. कोण म्हणत होतं, पंख बघ पंख, शिरासुद्धा दिसत्यात. कोण म्हणत होतं, देवाची करणी. मिस्त्रींचे डोळे भरून आले. उभ्या आयुष्यात त्यांच्या कामाकडं कुणी असं बघितलं नव्हतं.

“ह्यो मी केलाय,” ते म्हणाले.

कुणी ऐकलं नाही. ते पुन्हा ओरडले, “ह्यो किडा मी केलाय! प्लॅस्टिकचा हाय. त्यो ‘फ’ माझा हाय!”

सगळ्यांनी वळून बघितलं. अर्ध्या गालावरच्या साबणानं त्यांची बाजू जरा लंगडी पडली होती.

“मिस्त्री,” सयाजी म्हणाला, “माझ्या उसात किडा पडलाय, आनि तुमी त्येच्यावर नाव लावाय आलासा व्हय?”

मिस्त्री घरी पळाले आणि साचा घेऊन आले. दोन फाकांचा, प्लॅस्टरचा, सगळ्या पायांसकट. त्यांनी त्यात एक किडा ठेवून दाखवला. तंतोतंत बसला. मिस्त्रींना वाटलं, जिंकलं.

मॅडमनी साचा निरखून बघितला. “सुंदर ठसा घेतलाय, चाचा. असा जिवंत किडा पकडून त्याचा साचा करायचा म्हणजे सोपं नाही.”

“अवो, किड्यावरनं साचा न्हाय, साच्यावरनं किडा!”

“मग करून दाखवा.”

मिस्त्रींनी गोठ्यातनं स्टोव्ह आणला, पातेलं आणलं, शेवटची बाटली आणली. भर बांधावर, पन्नास माणसांसमोर, त्यांनी दुधाचं दही केलं, दह्याचं तेल केलं, रंग टाकला आणि ओतलं. हात आता सत्तर वर्षांचे होते, पण एक थेंब बाहेर सांडला नाही. साचा निवला, उघडला. किडा निघाला, हिरवागार, चकचकीत, पोटावर ‘फ’.

तो आणि उसातला किडा शेजारी शेजारी ठेवले. उसातला चार वर्षं उकिरड्यात मुरलेला. मळकट, काळसर, वास मारणारा. सगळ्यांनी दोन्ही हातात घेऊन बघितले.

“नक्कल बरी जमलीया,” सयाजीचा चुलता शेवटी म्हणाला. “पर खऱ्याची सर न्हाय.”

मिस्त्री मटकन खालीच बसले. स्वतःच्याच जुन्या किड्याकडनं हरायची पाळी दुसऱ्या कुठल्या माणसावर आली असेल असं मला वाटत नाही.

तेवढ्यात कृष्णात पुढं झाला. गावात माशांच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. “वाद कशापायी?” तो म्हणाला. “चार वरसं मिस्त्रींचं प्लॅस्टिक खणीत पडतंय, एका माशानं तोंड लावल्यालं न्हाय. मानूस फसंल, मॅडम फसतील, मासा फसत न्हाय. उसातला किडा गळाला लावा. मिस्त्रींच्याच हातनं टाका. मासा आला न्हाय, तर प्लॅस्टिक, मिस्त्रींचं खरं. माशानं खाल्ला, तर किडा, सयाजीचं खरं.”

सगळ्या गावाला ते पटलं. पटणारच. मिस्त्री मात्र काठी हातात घेऊन खणीच्या काठावर आले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपली कशी कोंडी झालीय. मासा आला नाही, तर किडा त्यांचा ठरणार, पण चार वर्षांचं काम फुकट गेलं हेही ठरणार. मासा आला, तर काम सोन्याचं ठरणार, पण ते दुसऱ्याचं. त्यांनी गर्दीत शहाजादीला शोधलं. ती म्हशीला पाणी पाजायची बादली घेऊन तशीच आली होती.

“काय करू?” त्यांनी नजरेनं विचारलं.

“टाका की!” ती सगळ्यांदेखत ओरडली. “मला मासा बघायचाय!”

मिस्त्रींनी गळ टाकला.

किडा पाण्यावर टेकला, हळूहळू बुडला. त्याचे आठही पाय पाण्यात थरथरले. तसे ते थरथरावेत म्हणूनच मिस्त्रींनी ते एवढे बारीक घडवले होते. नवा चकचकीत किडा पाण्यात कधी असा दिसला नव्हता. मासे आले, वास घेतला. शेणाचा, मातीचा, चार पावसाळ्यांचा वास. या वेळी वळून कुणी गेलं नाही. दोरी अशी ताणली की मिस्त्रींचा पाय घसरला आणि ते गुडघाभर पाण्यात गेले, पण काठी सोडली नाही.

वर आली ती तळहाताएवढी चिलापी. तव्यावर मावेल अशी. तोंडात किडा.

गाव नुसतं ओरडलं. सयाजीला चौघांनी खांद्यावर घेतलं. मॅडमनी वहीत वेळ लिहिली, सहा किडे बरणीत भरले आणि वर चिठ्ठी चिकटवली: सयाजी किडा, खूण फ. कृष्णात मिस्त्रींच्या जवळ येऊन हळूच म्हणाला, “वाईट वाटून घिऊ नका मिस्त्री. मासा काय खोटं बोलत न्हाय.”

मिस्त्री पाण्यातच उभे होते. त्यांना हसूही येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्हीचं कारण एकच होतं. मासा फसला होता. त्यांनी घडवलेल्या पायांना, त्यांनी कोरलेल्या पंखांना फसला होता, आणि अख्ख्या जगात हे फक्त त्यांना ठाऊक होतं.

“द्या हिकडं,” शहाजादी म्हणाली. तिनं मासा काढून घेतला, किडा तोंडात तसाच ठेवून बादलीत टाकला आणि गल्लीकडं चालायला लागली.

पहिल्याच दारात ती थांबली. “धोंडुबाय, बघ. ह्यो किडा माझ्या नवऱ्यानं केलाय.”

“व्हय का?” धोंडुबाई म्हणाली. “सयाजीच्या उसातला न्हवं ह्यो?”

“माझ्या नवऱ्यानं केलाय,” शहाजादीनं परत सांगितलं आणि पुढच्या दारात गेली. मग त्याच्या पुढच्या. सत्तावीस दारं. मिस्त्री ओल्या विजारीनं, अर्ध्या दाढीनं तिच्यामागून चालत होते. काही जण हसले, काहींनी मान डोलावली, एका म्हातारीनं मासा विकायला आणलाय समजून भाव विचारला. विश्वास एकानंही ठेवला नाही. पण तेच वाक्य मिस्त्रींनी सत्तावीस वेळा ऐकलं, आणि सत्ताविसाव्या वेळी ते त्या दारातल्या जोंधळ्याच्या पोत्यावर बसून लहान पोरासारखे रडले.

संध्याकाळी ती चिलापी चुलीवर भाजली गेली, आणि मिस्त्री चुलीजवळ बसून जेवले.

जेवण झाल्यावर शहाजादीनं गोठ्यातले शिल्लक राहिलेले किडे ताटात घेतले. हिरवेगार, चकचकीत, साठेक तरी होते. ती उकिरड्याकडं निघाली तसे मिस्त्री घाबरून मागं धावले.

“आता कशाला टाकाय लागलीस?”

“टाकत न्हाय.” ती खाली बसली. नव्या शेणात बोटानं खड्डा केला, त्यात एक किडा ठेवला, वरनं शेण लिंपलं. “मुरत घालायचं. माझ्या उकिरड्याबिगर तुमचा किडा कच्चा ऱ्हातोय.”

“चार वरसं लागतील, शहाजादी. माझं वय काय?”

“तुमी नसलासा तर गळ मी टाकीन,” ती म्हणाली. “सांगायचं काय, ते मला पाठ हाय.”

मिस्त्री तिच्याशेजारी उकिडवे बसले. ताटातला एक किडा त्यांनी उचलला, पालथा करून पोटावरचा ‘फ’ नीट उमटलाय का ते बघितलं आणि तिच्या हातात दिला.