अर्धापूरची फाईल लगेच उघडते

लातूरच्या पाहुण्यांपुढं निजामोद्दीनभाईंची इज्जत गेली, ती स्क्रीनवरच्या एका गोल फिरणाऱ्या चकतीपायी.

नांदेडात त्यांचा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ होता आणि तो बरा चालत होता. पुढं काउंटर, तिथं त्यांच्या बेगम वहिदाभाभी. आत एडिटिंगची खोली, तिथं वीरेश आणि आरती. कोपऱ्यात मिक्सरच्या खोक्याएवढा सर्व्हर, आणि त्यात कित्येक वर्षांची लग्नं कोंबलेली. नवऱ्यामुलींची लेकरं शाळेत जायला लागली तरी भाई एकही लग्न पुसू देत नव्हते. "उद्या पेन ड्राइव्ह हरवला म्हणून आले तर?" असं म्हणायचे. आणि लोक खरंच यायचे.

त्या दिवशी लातूरची मंडळी अल्बमचे फोटो निवडायला आली होती. मुलीची आई, नवऱ्याची मावशी आणि काठी टेकत आलेले आजोबा. भाईंनी पहिला फोटो क्लिक केला. चकती फिरायला लागली. फोटो उघडेपर्यंत मुलीची आई आणि मावशी यांचं त्यात कुणी कुठली साडी नेसली असेल यावरून वाजलं. उघडला तेव्हा दोघीही चुकल्या होत्या, फोटो घोड्याचा होता. दुसऱ्या फोटोच्या वेळी आजोबांचा डोळा लागला. तिसऱ्या फोटोची चकती फिरत असताना मावशी उठल्या. "निवांत येतो भाई, बसची वेळ झाली."

"कॅमेरा नवा, टीव्ही नवा," पाहुणे गेल्यावर भाई वीरेशवर तडकले, "अन् बिघडलं काय मग?"

"बिघडलं काहीच न्हाई, भाईसाब," वीरेश म्हणाला. तो उदगीरकडचा, सावकाश बोलणारा. "मी इकडं एडिटिंग करून राहिलो, आरती अल्बम करून राहिली, तुम्ही पाहुण्यांना दाखवून राहिले. तिघंबी एकाच डिस्कला वढतोय. तिला दम लागतो." लातूरला क्लासवाल्यांचे सर्व्हर सांभाळणारी तनुजा नावाची एक बाई आहे, तिला बोलवू, असंही त्यानं सुचवलं.

तनुजा आली. तिनं सर्व्हर उघडला, आत फुंकर मारली आणि धूळ सरळ भाईंच्या चहात गेली.

"हार्ड डिस्क फिरती असते, भाई. तिघांनी एकदम मागितलं की तिची पळापळ होते. एसएसडीत फिरतं काहीच नसतं, म्हणून ती जलद. पण एवढी सगळी लग्नं एसएसडीवर टाकायची तर लई महागात जाईल. मग आपण दोन छोट्या एसएसडी लावू, कॅश म्हणून."

"कॅशच देतो मी. चेकचं नावच नक्को."

"ती कॅश न्हाई, भाई." बाहेर काउंटरवर वहिदाभाभी हसल्या. तनुजानं पुन्हा समजावलं. "जी फाईल लोक सारखी सारखी मागतात, तिची नक्कल मशीन आपोआप एसएसडीवर ठेवतं. पुढच्या वेळी तिथनंच देतं. मूळ फाईल मागं हार्ड डिस्कवर असतेच."

भाईंनी चहातली धूळ बोटानं काढली. मग चेहरा उजळला. "म्हणजे ज्या पाहुण्याला फोटोला सारखं बोलावून राहिले, त्याला स्टेजजवळच खुर्ची द्यायची!"

"हाव, तसंच."

"अन् खुर्ची कुणाला द्यायची, हे कोण ठरवणार?"

"कुणीच न्हाई. मशीन स्वतःच बघतं, कुणाला जास्त बोलावणं येतंय ते."

हे भाईंना इतकं आवडलं की पुढं येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते समजावून सांगू लागले. सुरुवातीला फारसा फरक पडला नाही. कॅश कोरी होती, हळूहळू भरत गेली. मग फोटो पत्त्यांसारखे भराभर पडायला लागले आणि भाईंनी लातूरला फोन लावला. "या आता. गाडी सुटायच्या आत अल्बम होतो का न्हाई बघा."

मंडळी पुन्हा आली. आरती गेले काही दिवस त्यांच्याच अल्बमची तयारी करत होती, त्यामुळं त्यांचं लग्न सगळं एसएसडीवर येऊन बसलेलं. फोटो मागावा आणि हजर. आजोबांना पेंगायला उसंतच मिळाली नाही. मावशी खूश झाल्या. "तुमच्याकडची सगळीच लग्नं आता अशी उघडतात का?"

"सगळी न्हाई ना!" भाईंना सांगायला मोकळं रान मिळालं. "ज्याला कुणी विचारत न्हाई ते मागंच राहतं. थांबा, दाखवतोच. हे बघा, अर्धापूरचं. माझा शाळेपासूनचा दोस्त शेषेराव, त्याच्या उज्वलाचं लग्न. कवाच देऊन झालं. आता ह्याला कोण बघतंय? बघा, कशी चकती फिरते ते."

त्यांनी क्लिक केलं आणि हाताची घडी घातली.

चकती फिरली नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हिडिओ सुरू झाला, तोही पहिल्यापासून नाही. आधी पाहणाऱ्यानं जिथं सोडला होता तिथून.

बँडबाजा वाजत होता. रस्त्याच्या मधोमध सफारी घातलेले खुद्द निजामोद्दीनभाई खांद्यावर केळीचा अख्खा घड घेऊन नाचत होते. शेषेरावांची केळीची बाग. वरातीत दोस्ताच्या खांद्यावर घड चढवायची हौस त्यांचीच. भाई गिरकी घेत होते, बसत होते, उठत होते. एका गिरकीला एक केळं सुटलं आणि घोड्यावरच्या नवरदेवाच्या मांडीवर जाऊन पडलं. काय करावं ते न सुचून नवरदेवानं ते सोललं आणि खाल्लं.

भाईंनी धडपडत माउस शोधला. तो हातातून निसटून टेबलाखाली गेला. आजोबा काठी आपटून ताल धरायला लागले होते. "अगदी बेस! पुन्हा लावा!"

पाहुण्यांनी तो भाग पुन्हा पाहिला, अल्बम पक्का केला आणि हसत हसत बसस्टँडकडं गेले. भाईंनी लगेच तनुजाला फोन केला. "तुमच्या मशीननं चूक केली. जुनी फाईल पुढं आणून बसवली."

"मशीन चुकत न्हाई, भाई. ती फाईल कुणीतरी सारखी बघत असणार."

"सारखी म्हंजे?"

"म्हंजे जवळजवळ रोज."

भाईंनी वीरेश आणि आरतीला समोर उभं केलं. तो नाच गिऱ्हाइकाला द्यायच्या व्हिडिओतून कापायचा हुकूम त्यांनी तेव्हाच दिला होता आणि वीरेशनं तो कापलाही होता. पण वीरेशनंच कॅमेऱ्यात घेतलेलं मूळ शूटिंग सर्व्हरवर तसंच राहिलं होतं. भाई स्वतःच काही पुसू देत नव्हते ना!

"वीरेश, खरं सांग. तूच बघतोस?"

"मी कशाला इथं बघू, भाईसाब? माझ्या मोबाईलमधी हाय की."

"मोबाईलमधी हाय?"

वीरेशनं जीभ चावली. आरती म्हणाली, "मी तर दोनदाच पाहिला. एकदा आईला दाखवायला नेला, तेव्हा तिनंच परत लावायला लावला."

भाई कपाळाला हात लावून खुर्चीत बसले. निम्म्या नांदेडानं पाहिला असणार. पण हे दोघं रोज बघणारे नव्हते, एवढं त्यांच्या लक्षात आलं. खोटं बोलणारी माणसं इतकं कबूल करत नाहीत. मग तिसरं कोण? वहिदाभाभींना विचारायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. भाभींना कॉम्प्युटरचा कंटाळा, असं ते आजवर धरून चालले होते.

पुढं एका दुपारी वीरेश आणि आरती जेवायला गेले आणि भाई नेहमीसारखे घरी आडवं व्हायला निघाले. कोपऱ्यावरच स्कूटर पंक्चर झाली. ढकलत परत आले, तर काउंटर रिकामं आणि आतून बँड ऐकू येत होता.

ते दाराशी थबकले. वहिदाभाभी वीरेशच्या खुर्चीत बसल्या होत्या. तोंडात पदर कोंबून इतक्या हसत होत्या की खुर्ची हलत होती. लेक बुशरा सासरी गेल्यापासून भाईंनी असं हसू ऐकलं नव्हतं. आधी त्यांना राग आला, मग लाज वाटली, मग त्या दोन्हींचं काय करावं तेच कळेना.

"वहिदा!"

भाभी दचकल्या, पण व्हिडिओ काही बंद केला नाही. "आलात? बसा."

"हे तू बघतेस? रोज?"

"हौ. त्या वरातीच्या वेळी मी बायकांच्या पंगतीत होते. शेषेरावांच्या साखराबाईनं चौथी पुरणपोळी वाढली, तिला नाही म्हणता येईना. बाहेर आले तर नाच खतम. अख्ख्या अर्धापूरनं पाहिलं, बेगमनंच पाहिलं न्हाई. मग इथं पाहिलं."

"एकदा बघायचं. रोज कशाला?"

"घरात कधी नाचलात तुम्ही? आपल्या लग्नाचे फोटो बघा. चौकीत जबानी द्यायला बसल्यासारखे बसलात. मला वाटलं, हा माणूस असाच हाय. एवढा संसार झाल्यावर कळलं, न्हाई म्हणून."

भाईंनी माउसकडं हात नेला. "पुसून टाकतो ते," एवढंच पुटपुटले.

"पुसा. उद्यापासून काउंटरवर तुम्हीच बसा."

भाईंनी शेजारची खुर्ची ओढली. ते शूटिंग त्यांनी कधी पूर्ण पाहिलंच नव्हतं. लाजेनं दर वेळी मान फिरवली होती. आता पाहायला लागले. घड खांद्यावर चढला, गिरकी झाली, केळं उडालं, आणि त्यांच्या नकळत त्यांच्या मिशा हलल्या. मग एकदम ते पुढं वाकले आणि स्क्रीनवर बोट ठेवलं.

"हे बघ! वीरेशनं पाय कापले! घडच दाखवतोय गाढव. अख्खा नाच तर पायांत होता!"

"खरंच का?"

"मग! मी खालून अशी ठेक्यावर टाच मारली होती, लागोपाठ. ते कुठं दिसतंय ह्यात?"

"न्हाईच दिसत," भाभी म्हणाल्या. त्यांनी पदर सावरला आणि खुर्ची भिंतीकडं सरकवली, म्हणजे मधी जागा मोकळी झाली. "मग मला कसं कळणार?"

भाईंनी बाहेर डोकावून पाहिलं. दुपारची वेळ, रस्त्यावर कुणी गिऱ्हाईक दिसत नव्हतं. ते उठले, काउंटरचं शटर अर्धं खाली ओढलं, चपला काढल्या आणि म्हणाले, "आवाज वाढव जरा."