न घेतलेला कागद

बॅरिस्टर खरा बॅरिस्टर कधीच नव्हता. कोर्टाच्या आवारात त्यानं वीस-बावीस वर्षं चहाचं कँटीन चालवलं, आणि वकिलांपुढे कपबशा ठेवता ठेवता जे शब्द कानावर पडले, ते गोळा करून घरी आणले. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच. पण इमारतीत दुसरं कुणी कोर्टाची पायरीच चढलेलं नव्हतं. वासरात लंगडी गाय शहाणी, तशी ही पदवी त्याला मिळाली होती.

समोरच्या दारातली मावशी त्याच्याकडे गेली ती घाबरून. ती शाळेचे गणवेश शिवायची. बहीण वारली तेव्हा पदरात आलेली तान्ही भाची आता नऊ वर्षांची झाली होती, आणि तिचं ऐकून अख्खी इमारत हिला मावशीच म्हणायची. मुलीचा बाप बायको गेल्यावर जो परगावी गेला, तो इतक्या वर्षांत फिरकला नव्हता. आता एकाएकी त्याचा फोन आला होता. दुसरं लग्न झालंय, स्वतःचं घर झालंय, मुलगी मला हवी, मी कोर्टात जातोय, एवढं बोलून त्यानं फोन ठेवला होता.

बॅरिस्टरनं तिला कोर्टाचे कागद आजारांसारखे समजावून सांगितले. नोटीस म्हणजे सर्दी, समन्स म्हणजे ताप, आणि वॉरंट निघालं की माणूस आडवा. पण घाबरायचं कारण नाही, यावर औषध आहे, असंही तो छातीठोकपणे म्हणाला.

"कागद हातात घेऊन सही केली, की त्याला म्हणतात बजावणी. बजावणीच झाली नाही तर केस जागची हलत नाही. कागद घेऊन कोर्टाचा बेलिफ आला तर दार उघडायचं नाही, मावशी. चार खेटे घालील आणि गप बसेल."

बुडत्याला काडीचा आधार. मावशीनं ती काडी घट्ट धरली.

त्या दिवसापासून घरात भीती राहायला आली. गिऱ्हाइकांनी जिन्यातूनच हाक मारत वर यायचं असं ठरलं. हाक न येता दार वाजलं, की मशीनवरचा पाय थांबायचा, मुलगी पेन्सिल खाली ठेवायची आणि दोघी स्वयंपाकघरात ओट्याखाली जाऊन बसायच्या. तुला न्यायला माणसं येतात, एवढंच मावशीनं मुलीला सांगितलं होतं. मुलीनं विचारलं, कोण माणसं, तर वाईट माणसं, म्हणून ती मोकळी झाली. पुढे पुढे शेजारच्या घराची कडी वाजली तरी मुलगी पांढरीफटक पडायची. ते मावशीला दिसायचं, पण इलाज काय, असं म्हणून ती स्वतःचीच समजूत घालायची.

बेलिफ आला. एकदा आला, दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा दाराशी बराच वेळ थांबला. आत आहात हे कळतंय बाई, कागद घ्या, तुमच्याच भल्याचं आहे, असं तो बाहेरून सांगत होता. मावशीनं मुलीच्या तोंडावर हात ठेवला होता.  मग दारावर काहीतरी घासल्याचा आवाज झाला आणि पावलं जिना उतरून गेली.

त्यानं कागद दाराला चिकटवला होता. बॅरिस्टरनं समोरून हळूच सांगितलं की वाचू नका, वाचला की कळला, कळला की बांधला गेला माणूस. मावशीनं ओलं फडकं आणलं, मान फिरवून कागद खरवडला आणि गॅसवर धरून जाळला. मुलीला तेवढा वेळ आतल्या खोलीत बसवलं होतं.

दोन महिने काही झालं नाही. केस गार पडली, असं बॅरिस्टरनं जाहीर केलं, आणि त्याचा रुबाब आणखी वाढला. मशीन पुन्हा दणदणा चालायला लागलं. मुलगी जिन्यात खेळायला जाऊ लागली. मावशीला रात्री झोप येऊ लागली.

एका सकाळी शाळेत जायला मुलीनं दार उघडलं, तर समोर बेलिफ उभा. सोबत एक पोलीसबाई. लपायला वेळच नव्हता. मावशीनं चौकट धरली. एवढे दिवस ज्याला घाबरून लपायच्या तो बेलिफ म्हणजे जिना चढून धाप लागलेला, खांद्याला पिशवी अडकवलेला म्हातारा निघाला, पण त्यानं भीती तसूभरही कमी झाली नाही.

"एकतर्फी हुकूम झालाय, बाई," तो म्हणाला.

"एकतर्फी म्हणजे?"

"तुमची बाजू न ऐकता झालेला. आठ दिवसांत मुलगी बापाच्या ताब्यात द्यायची आहे."

मी कुठला कागद घेतलाच नाही, मग हुकूम कसा होईल, असं मावशी पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. समोरच्या दाराच्या फटीतून बॅरिस्टर मान हलवून तिला खुणावत होता, घेऊ नका म्हणून.

"दाराला चिकटवला की बजावणी होते," बेलिफ म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "तारखेला मुलीला घेऊन या, असं लिहिलं होतं त्यात. कुणाकडे राहायचंय, हे जजसाहेब तिलाच विचारणार होते."

मुलगी दप्तर पाठीला लावून दोघांच्या मधे उभी होती. तिनं वळून वर पाहिलं.

"मावशी, मला विचारणार होते?"

समोरचं दार आवाज न करता लागलं.  मला माहीत नव्हतं, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "मी तो कागद न वाचता जाळला."

तिनं हात पुढे करून हुकूम घेतला. सही करताना अक्षरं रेघ सोडून खाली गेली. मग तिनं विचारलं, हा हुकूम फिरवता येतो का. अर्ज करता येतो, बेलिफ म्हणाला, पण फिरेलच असं सांगता येत नाही, आणि त्यासाठी स्वतः कोर्टात यावं लागेल, आजच्या आज आलात तर बरं.

मावशीनं मशीनवर कापड तसंच टाकलं आणि पायात चपला सरकवल्या. मी पण येते, मुलगी म्हणाली. जिना उतरताना मावशीनं हात पुढे केला. मुलीनं तो धरला नाही, ती कठड्याला धरून एकटीच खाली उतरत गेली.