चुकलं तर एक, गप्प बसलं तर दोन

प्रश्नमंजुषेचा तो जुना कार्यक्रम इतक्या वर्षांनी पुन्हा सुरू होणार, अशी जाहिरात टीव्हीवर लागली तेव्हा सासऱ्यांनी बाह्या सरसावल्या. मोठे दीर हसून म्हणाले, "अप्पा, आता मारायला कुणी उरलं नाही. आमची दोन टकलं तेवढी आहेत."

सगळे हसले. मी लेकीकडे पाहिलं. ती सहा वर्षांची आहे.

या घरचा नियम मला लग्नानंतर कळला. तेव्हा रविवारी संध्याकाळी हा कार्यक्रम लागला की दोन्ही मुलं टीव्हीसमोर जमिनीवर, मागे खुर्चीत अप्पा. निवेदकाने प्रश्न विचारला की मुलांनीही उत्तर द्यायचं. चुकलं तर एक थप्पड, गप्प बसलं तर दोन. चुकणारा निदान प्रयत्न करतो, गप्प बसणारा भेकड, असं त्यांचं म्हणणं. अप्पा कारखान्यात लेथवर फोरमन होते, त्यांचा तळवा म्हणजे फळीच. सासूबाई होत्या तेव्हा त्या नेमक्या वेळी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून ठेवायच्या. दिरांचा डावा कान तेव्हाच गेला. अजूनही ते उजवा कान पुढे करून बसतात आणि वर सांगतात, "म्हणून तर घडलो." माझ्या नवऱ्याचं वेगळंच. त्याला काहीही विचारा, वाक्य संपायच्या आत उत्तर तयार. "भाजीत मीठ—" "आहे!" चव घेतलेलीच नसते.

नव्या कार्यक्रमात निवेदिका तरुण होती. विचार करायला पूर्ण एक मिनिट, आणि स्पर्धक चुकला तरी टाळ्या. अप्पा खवळले. "हा खेळ आहे की सांत्वनाची सभा?"

कार्यक्रमाच्या शेवटी प्रेक्षकांची मतं वाचून दाखवायचे. बहुतेकांचं रडगाणं तेच. 'जुनी धार गेली.' 'पूर्वी समोर बसलेल्याला घाम फुटायचा, त्यातच मजा होती.' 'हा तर दात काढलेला वाघ.' प्रत्येक मताला अप्पा मांडीवर थाप मारत, आणि त्या आवाजासरशी माझा नवरा डोळे मिटे. त्याला ते कळत नसावं. मला कळे.

मला मात्र कार्यक्रम आवडला होता. मी कुणाला न सांगता तसं लिहून पाठवलं. तिसऱ्या रविवारी निवेदिकेने ते वाचलं: 'इथे माणसाला विचार करू देतात, म्हणून मी मुलीला शेजारी बसवून हे बघते. एक आई.'

"कोण ही बया?" अप्पा म्हणाले. "हिची पोरं दिवे लावणार!"

"लावतील की," दीर म्हणाले, "एक मिनिट विचार करून लावतील."

मी रिकामे कप गोळा करायला लागले.

अप्पांना ते मत लागलं ते लागलंच. आठवडाभर तेच. मग त्यांनी ठरवलं, त्या बाईला उत्तर द्यायचं. घरी काढलेल्या चित्रफितीही वाहिनी स्वीकारत होती. जुन्या पद्धतीने पोर कशी तडफदार होते, ते नातीला बसवून दाखवायचं.

"सूनबाई, फोन तू धर. शिकलेली आहेस, नीट काढशील."

"अप्पा, लहान आहे ती."

"मी मारतोय कुठे? नुसतं बसवतोय."

स्वयंपाकघरात मी नवऱ्याला गाठलं. "तू जवळ बसशील ना? त्यांचा हात वर गेला तर—"

"धरीन," तो म्हणाला. माझं वाक्य अजून संपलं नव्हतं.

लेक जमिनीवर बसली, मागे खुर्चीत अप्पा. मी मनाशी अंतर मोजलं होतं, दोन पावलं. पण अप्पा म्हणाले, "मागे सरक, सगळे दिसू देत," आणि मी भिंतीला टेकेपर्यंत मागे गेले. नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

निवेदिकेने विचारलं, "कोळ्याला पाय किती?"

लेक काही बोलली नाही. तिचे ओठ हलत होते. फ्रॉकखाली ती बोटं मोजत होती. आधी विचार कर, मग बोल, हे तिला मीच शिकवलं होतं. रोज, केस विंचरताना. या घरात ज्याला दोन पडतात, नेमकं तेच मी तिच्याकडून घोटून घेतलं होतं.

"बोल!" अप्पा म्हणाले. ती बोटं मोजतच राहिली.

पहिली थप्पड पडली तेव्हा ती पुढे कोलमडली आणि टीव्हीखालच्या फळीवर तिचं तोंड आपटलं. ओठ फाटला. हलणारा दात तुटून जमिनीवर आला. ती रडलीही नाही. रक्ताने भरलेल्या तोंडाने म्हणाली, "आठ."

अप्पांचा हात दुसरीसाठी वर गेलेला होता.

नवऱ्याने तो धरला. मग मुठीने त्यांच्या तोंडावर मारलं. खुर्ची उलटली, अप्पा पाठीवर पडले, आणि तो त्यांच्या छातीवर बसला.

"साध्या तापमानाला द्रव असलेला धातू? पारा!" एक ठोसा. "मी कथील म्हटलं होतं. ऑक्टोपसला हृदयं किती? तीन!" दुसरा. "मी एक म्हटलं. सूर्याचा उजेड पोचायला? आठ मिनिटं! मी तास म्हटलं, अप्पा, आठ तास!"

त्याला सगळे प्रश्न पाठ होते. ज्या ज्या प्रश्नाला मार खाल्ला होता, तो प्रत्येक.

खोटं कशाला सांगू, पहिल्या तीन ठोशांना माझ्या जिवाला थंडावा वाटला. चौथ्याला अप्पांची कवळी बाहेर आली. पाचव्याला त्यांचा हात जमिनीवर सैल पडला आणि माझ्या लक्षात आलं, प्रश्न संपणारे नाहीत. कितीतरी वर्षांचे रविवार होते ते.

"अरे, मरतील ते!" दीर ओढायला गेले, तर कोपर नाकावर बसून तेही खाली. मी फोन टाकला आणि नवऱ्याचं मनगट दातात धरलं. जीव खाऊन चावले. तो गर्रकन वळला. त्याचा उघडा पंजा माझ्या कानापाशी येऊन थांबला. रुंद, फळीसारखा.

"मी आहे," मी म्हटलं. "मी आहे रे."

दवाखान्यात आम्हाला बाकावर बसवलं. अप्पांना आत नेलं होतं. शुद्धीवर होते, पण जबडा मोडला होता आणि एका डोळ्याने दिसत नव्हतं. दीर नाकाला रुमाल लावून दाराशी उभे होते. त्यांनी एकदाही 'घडलो' म्हटलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी लेकीच्या ओठाला दोन टाके घातले. "कशाने लागलं?"

"पडली," नवरा म्हणाला.

"आजोबांनी मारलं," मी म्हणाले. "आणि आजोबांना यांनी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ते तसंच लिहून घेतलं. त्या गेल्यावर नवरा हळूच म्हणाला, "मी तिच्यासाठीच केलं ना गं?"

"पहिला ठोसा तिच्यासाठी होता," मी म्हणाले.

त्याने स्वतःच्या सुजलेल्या बोटांकडे पाहिलं. मग लेकीच्या कपाळावर चिकटलेले केस मागे सारायला त्याने हात उचलला.

लेकीने दोन्ही तळव्यांनी कान झाकले आणि डोळे मिटून घेतले.

तो उठला. समोरच्या भिंतीशी दुसरा बाक होता, तिथे जाऊन बसला, हात मांड्यांखाली दाबून. मी त्याला परत बोलावलं नाही. बहिणीला फोन लावला आणि सांगितलं, आम्ही दोघीच येतोय, खालचं दार उघडं ठेव.