आईच्या मापाची खोली

"आई, ताठ उभी राहा," मास्तर म्हणाले.

"अरे, ही ताठच आहे मी," आई म्हणाली.

मास्तरांनी तिच्या डोक्यावर फूटपट्टी आडवी धरली आणि पोटमाळ्याच्या छपराच्या तिरप्या वाशावर खडूने रेघ मारली. रेघेच्या वर चार बोटं जागा उरली. मास्तर इतके खूश झाले की शिडीच्या तोंडाशी वाकून त्यांनी खाली उभ्या बायकोला सांगितलं, "बसतेय गं. आरामात बसतेय."

आता मास्तर काही वाईट माणूस नव्हेत, गल्लीत कुणालाही विचारा. पण उभा जन्म शिवणकामात गेलेल्या माणसाचं डोकं एकाच दिशेने चालतं. आधी अंग मापायचं, मग कापडाला कात्री लावायची. पोरगी मोठी झाली होती, तिला अभ्यासाला दार लावता येईल अशी खोली हवी होती. पोटमाळ्यावर जायला ती तयार नव्हती, कारण ती चांगली उंच आणि तिथे तिचं डोकं आपटायचं. मग माळ्यावर मावेल असं घरात कोण? सगळ्यांत बुटकी आई. त्यातून तिची पाठ वाकलेली, म्हणजे आणखीच सोय. आईने वर जायचं आणि पोरीने आईच्या खोलीत यायचं, असं ठरलं. आईला विचारलंय, असं मास्तर सगळ्यांना म्हणत. खरं म्हणजे सांगितलं होतं. "मला काय, पाठ टेकायला जागा झाली की झालं," असं आई म्हणाली आणि विषय मिटला.

अडचण होती ती बांधकामाच्या नियमांची. माळ्यावर माणूस झोपणार असेल तर कठड्याचा नीट जिना लागतो, मान न वाकवता वावरता येईल एवढी उंची लागते, आग लागली तर बाहेर पडता येईल अशी खिडकी लागते. खिडकीचं जमलं असतं, छपरही थोडं उचलता आलं असतं. पण जिना बसेल अशी घरात एकच जागा होती, पुढच्या खोलीत, जिथे मास्तरांचं कापायचं टेबल होतं. "टेबल काढू आणि दुकानाला टाळं लावू का?" म्हणून मास्तर बायकोवर उखडलेही होते. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. माळा सामानासाठी आहे असं सांगायचं. सामानाला शिडी चालते. एकदा मंजुरी मिळाली की वर कोण झोपतंय ते बघायला कोण येतंय?

नगरपालिकेच्या तपासनीस बाई सकाळीच आल्या. पोक्त, मोजकं बोलणाऱ्या. बूट काढून सरसर शिडी चढल्या, मागोमाग मास्तर. खाली बायकोने शिडी धरली होती आणि आई शेजारी उभी होती.

"इथे काय ठेवणार?" बाईंनी विचारलं.

"सामान. कापडाचे तागे, जुन्या गाद्या, असलंच."

"कुणी झोपणार नाही?"

"छे हो मॅडम. इथे कोण झोपतंय?"

बाईंनी छपराखाली बॅटरी फिरवली. उजेड खडूच्या रेघेवर येऊन थांबला.

"ही रेघ कसली?"

मास्तर म्हणजे एरवी कोट वेळेवर झाला नाही तर गिऱ्हाइकाला शंभर सबबी सांगणारा माणूस, पण तेव्हा एक सुचेना.

तेवढ्यात खालून आईचा आवाज आला. "कपाटाचं माप आहे ते, बाई. घरात एक जुनं कपाट आहे, ते वर टाकायचंय."

मास्तरांचे कान तापले. आई खोटं बोलली याचं त्यांना काही वाटलं नाही. पण ती किती सहज बोलली. घरात गेले कित्येक दिवस तिच्याबद्दल बोलणं तसंच तर चाललं होतं. मावेल का, हलवायचं कधी, वर चढवताना कोण कुठून धरणार. आईसमोरच सगळं बोलत होते ते. गिऱ्हाइकाचा कोट शिवताना मास्तर दोन बोटं सैल ठेवत, माणसाला हात हलवता यावा म्हणून. आईला कधी पाठ सरळ करावीशी वाटेल, हे त्यांनी धरलंच नव्हतं. त्यांना इतकी लाज वाटली की परक्या बाईसमोर मान वर करवेना.

"सामानच असेल तर हरकत नाही," बाई म्हणाल्या आणि उतरल्या.

त्या गेल्यावर बायको म्हणाली, "झालं ना मनासारखं?" मास्तर टेबलापाशी गेले, कात्री उचलली, परत ठेवली आणि तसेच अनवाणी रस्त्यावर आले. बाई गाडीचं दार उघडत होत्या.

"मॅडम, थांबा. ते कपाट नव्हतं. माझी आई झोपणार होती वर. खालून बोलली ना, तीच."

"अंदाज आला होता. त्या बोलल्या तेव्हा तुमचं तोंड बघितलं मी."

"मग तुम्ही काही म्हणाला नाहीत?"

"तुम्ही काही म्हणता का, ते बघत होते." बाईंनी पिशवी गाडीत ठेवली. "आता हे असं मंजूर होणार नाही. जिना करावा लागेल. आणि उंची घरातल्या सगळ्यांत बुटक्या माणसाची धरत नाहीत, मास्तर."

"हो," मास्तर म्हणाले.

ते घरात आले. स्वयंपाकघरात बायको भांडी आपटत होती. आणि आई शिडीवर होती, अर्ध्यात, शिडीला दोन्ही हातांनी कवटाळून.

"आई, अगं काय करतेस?"

"सवय नको का करायला? रोज रोज तुम्ही दोघं कुठे मला धरत बसणार?" आईला धाप लागली होती. "चढले रे नीट. उतरणं जमत नाहीये. खाली पाय कुठे टाकायचा तेच दिसत नाही."

"तू वर जायचं नाहीस. चुकलं माझं, आई."

"बरं, ते बघू मग. आधी मला उतरव."

मास्तरांनी तिची टाच तळहातात धरली आणि खालच्या पायरीवर टेकवली. मग दुसरी. ती एकेक पायरी उतरत होती तसतसे ते खाली वाकत गेले.

"आहे का खाली पायरी?" आई दर वेळी विचारत होती.

"आहे," मास्तर सांगत होते.